जवभर लहान ठसा

१

पेटीवरचा मातीचा ठसा शाबूत होता. दोरीची गाठही जशीच्या तशी होती. ओरनबाबांनी पंचांसमोर माती फोडली, दोरी सोडली, झाकण उचललं आणि आतलं सुती कापड उलगडता उलगडता त्यांचे हात थांबले.

"काढा की बाहेर, बाबा," नगरप्रमुख तोळन म्हणाला. "ऊन चढतंय."

बाबांनी कापड बाजूला केलं. आत झाऊच्या लाकडाचा एक तासलेला तुकडा होता. नगराची मापपट्टी नव्हती.

कोठारात चाळीसेक माणसं होती. मागची टाचा उंचावून बघायला लागली.

ती पट्टी हस्तिदंताची. तिच्यावरच्या रेघा इतक्या बारीक की म्हाताऱ्यांना बोटांनी चाचपून मोजाव्या लागत. आमच्या नगरातली प्रत्येक वीट, प्रत्येक गल्ली, प्रत्येक विहीर त्या पट्टीवरून उतरलेली. त्या दिवशी तिच्यावरून नव्या वस्तीच्या आखणीची दोरी धरायची होती. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात तळवाडी वाहून गेली, तेव्हापासून तीनशे घरांची माणसं तटाबाहेर बोरूच्या चटयांखाली राहत होती. आता त्यांच्यासाठी पक्क्या विटांची घरं उठणार होती. सिंधू चढायला दोनच पौर्णिमा उरल्या होत्या.

"शिक्का कुणाचा?" तोळनने विचारलं. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"माझा," बाबा म्हणाले. एकशिंगी बैल कोरलेला दगडी शिक्का त्यांच्या गळ्यात लोंबत होता. चाळीस वर्षं तिथेच होता.

"दुसरा आहे?"

"नाही."

"मग ठसा न फोडता पट्टी कशी गेली? ठसा उठवणारे तुम्ही एकटेच."

बाबांनी शिक्का मुठीत धरला. कोठाराच्या रखवालदाराने विश्वासघात केला तर त्याला वेशीबाहेर काढतात. सत्तरीच्या माणसाला वेशीबाहेर काढणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको.

मी मागे उभी होते. माझं नाव चेम्मी. नगरातली गटारं माझ्याकडे असतात. ती कुठे तुंबली, कुठे फुटली, कुणी केर टाकला, हे बघत मी रोज सगळ्या गल्ल्या फिरते. बाबांनी मला लहानपणी कडेवर खेळवलं होतं, म्हणून की काय, मी बोलून गेले.

"अण्णा, चोरी करणारा माणूस स्वतःच्याच शिक्क्याने पेटी बंद करून, चारचौघांत स्वतःच उघडेल का?"

तोळनने वळून पाहिलं. "मग कुणी केलं? तूच शोध. घरोघर फिरतेस, कुणाच्या घरात काय शिजतं तुला ठाऊक असतं. तीन दिवस देतो. चौथ्या सकाळी बाबा वेशीबाहेर."

२

बाबांना कोठारातच बसवून ठेवलं होतं. मी जवाची भाकरी आणि भाजलेला मासा घेऊन गेले. त्यांनी हात लावला नाही.

"बाबा, शिक्का गळ्यातून कधी काढता?"

"मेल्यावर."

"आंघोळीला?"

"दगड आहे तो, विरघळतो थोडाच!" ते तडकले. मला बरं वाटलं. माणूस तडकतोय म्हणजे अजून धुगधुगी आहे.

"आणि दुपारी? झोपता की नाही?"

"मी झोपत नाही. डोळे मिटून जागा असतो."

"किती वेळ?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बोटी रिकाम्या होईपर्यंत," ते पुटपुटले.

म्हणजे रोज दुपारी, घाटावर माल उतरत असताना, कोठारात कुणीही येऊन जाऊ शकत होतं. पण ठसा? ठसा रोज सकाळी बाबा स्वतः पाहत. दुपारी फोडून तिथल्या तिथे पुन्हा तसाच उठवल्याशिवाय ते जमण्यासारखं नव्हतं.

"पट्टी कुणी मागितली होती?"

"कोण मागत नाही? पट्टल वीटवाला दर वर्षी मागतो, साचे तपासायला. नदीवरची मेलूती आली होती. तोळनची सून आली, पाळणा करायचा म्हणून! सगळ्यांना एकच उत्तर. पट्टी उंबऱ्याबाहेर जात नाही."

"जुने फोडलेले ठसे टाकून देता?"

"टाकून कसे देईन? त्या कोपऱ्यातल्या मडक्यात आहेत."

मडकं मी उजेडात आणून उपडं केलं. गेल्या वर्षी विहीर बांधताना पेटी उघडली होती, त्या वेळचा ठसा दोन तुकड्यांत मिळाला. शेजारी आज सकाळी फोडलेल्या ठशाचे तुकडे जुळवून ठेवले. दोन्हीकडे तोच बैल, तेच शिंग, डोक्यावर तीच सहा चिन्हं. कोपऱ्यातला टवकासुद्धा तोच. तो टवका बाबांच्या शिक्क्याला पंधरा वर्षांपूर्वी पायरीवर आपटून पडलेला.

मग मी वाळकी काडी घेऊन दोन्ही बैल नाकापासून शेपटीपर्यंत मोजले. पुन्हा मोजले. बाबांनाही मोजायला लावले.

आज फोडलेला बैल जुन्यापेक्षा जवाच्या दाण्याएवढा लहान होता.

३

शिक्के कोरणारी इशिल एका डोळ्याने तिरळी होती आणि जिभेने दोन्ही बाजूंनी धारदार. मी ठसे तिच्यापुढे ठेवले तशी ती म्हणाली, "म्हणजे आता चोर मी का?"

"बघ तर आधी."

तिने लहान ठसा डोळ्याशी धरला, फिरवला, नखाने शिंगाची कड चाचपली. तिच्या कपाळावर आठी पडली. बायकोने केलेल्या कालवणात मीठ कमी पडल्यावर नवऱ्यांना पडते तशी.

"हे कोरलेलं नाही, अक्का. हाताने दुसऱ्यांदा कोरलं तर कुठेतरी एक रेघ चुकते. इथे एकही चुकली नाही. तो टवकासुद्धा आलाय. पण कडा बघ, बोथट आहेत. कुणीतरी जुन्या ठशावर ओली माती दाबून उलटा साचा घेतला आणि तोच शिक्का म्हणून वापरला."

"मातीचा शिक्का?"

"भाजलेल्या मातीचा. आणि एवढा गचाळ! मी चोरी केली असती तर निदान लाज वाटेल असं काम केलं नसतं."

"मग लहान का झाला?"

"ते पट्टलला विचार. माती त्याची."

पट्टलच्या भट्ट्या तटाच्या दक्षिणेला होत्या. मी पोचले तेव्हा तिथे आधीच गर्दी होती. तोळनची माणसं भाले घेऊन उभी होती आणि पट्टल चिखलाने माखलेल्या हातांनी त्यांना ढकलत होता. इशिलच्या दारात बोललेलं माझ्या आधी इथे पोचलं होतं. भाजलेली माती म्हटल्यावर लोकांना दुसरं नाव सुचणारच नव्हतं. शिवाय पंधरा दिवसांपूर्वी पट्टल भर सभेत ओरडला होता, "त्या पूर्वेच्या माळावर माझी एकही वीट लावू देणार नाही!" नवी वस्ती त्याच माळावर व्हायची होती. माळ सपाट होता, घाटाला लागून होता, तोळनला पसंत होता.

"थांबा!" मी मध्ये घुसले. "पट्टल, हे दोन ठसे बघ. हा लहान का?"

त्याने हात अंगरख्याला पुसले, ठसे पाहिले आणि चक्क हसला. भाले रोखलेले असताना हसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

"माती वाळली की आकसते, अक्का. भाजली की आणखी. माझा साचा बघ आणि वीट बघ. साचा मोठा असतो की नाही? ज्याने हे केलं, त्याने जुन्या ठशावर माती दाबली, वाळवली, भाजली. बैल रोडावला. त्याला ते कळलंच नाही."

"तू केलं असतंस तर?"

"मेण घेतलं असतं. मेण आकसत नाही." त्याने भालेवाल्यांकडे पाहिलं. "चार वर्षांचं पोरही सांगेल भट्टीवरचं."

मी तोळनच्या माणसांकडे वळले. "ऐकलंत? मातीतल्या माणसाने हे केलेलं नाही. शिक्के कोरणारीनेही नाही. ज्याला मातीचं काही कळत नाही, अशाने केलंय."

"म्हणजे अख्खं नगर," त्यातला एकजण म्हणाला.

खरंच होतं ते. दोन नावं पुसली गेली होती आणि उरलेली सगळी समोर होती. माझा एक दिवस संपला होता.

४

दुसऱ्या दिवशी मी पेटीतलं लाकूड घेऊन बसले. पट्टीच्याच लांबीचं, पट्टीच्याच वजनाचं. कुणीतरी जिवापाड मेहनत घेऊन तासलं होतं. तीन बाजू ताज्या तासलेल्या होत्या, पण चौथी जुनी होती आणि तिच्यावर एकाखाली एक आडव्या पांढुरक्या रेघा होत्या. पाणी उभं राहून उतरलं की खारटपणाच्या अशा रेघा लाकडावर राहतात. माझ्या गटारांच्या फळ्यांवर असतातच. हे लाकूड वर्षानुवर्षं पाण्यात उभं होतं. बोटीचा बांबू नाही, वल्हं नाही. नुसतं उभं.

लाकूड काखेत मारून मी रोजच्या फेरीला निघाले. पाय चालू असले की माझं डोकं चालतं. कुंभारगल्लीच्या टोकाला गटाराच्या भिंतीवर मला गेरूची एक बारीक रेघ दिसली. ती मी चार दिवसांपूर्वीही पाहिली होती आणि गवंड्यांनी ओढली असेल म्हणून सोडून दिली होती. मणीवाल्यांच्या गल्लीत दुसरी दिसली. तिथे ती गटाराच्या तळापासून वीतभर वर होती, कुंभारगल्लीत हातभर वर.

गवंडी रेघ ओढतो ती तळापासून सारख्या उंचीवर. ही तशी नव्हती. मी घरून पातळी बघायची, पाणसळीची लाकडी पन्हळ आणली, पाणी भरलं आणि दोन गल्ल्यांमध्ये टप्प्याटप्प्याने धरत गेले. लोक विचारत होते, "अक्का, गटारात काय मासे धरताय?" मी लक्ष दिलं नाही. दुपारी उत्तर मिळालं. गल्ल्या उतरत्या होत्या, गटारं उतरती होती, पण रेघा एकमेकींशी तंतोतंत समपातळीत होत्या.

जणू कुणी नगरावर पाणी आणून उभं केलं होतं आणि ते कुठवर पोचतं ते लिहून ठेवलं होतं.

मी पन्हळ खाली ठेवली. कारण ती उंची मला ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी पुरात गटारांतून पाणी उलटं आलं ते बरोबर तिथवरच आलं होतं. मी स्वतः गुडघाभर पाण्यात उभी होते. आणि पूर्वेच्या माळावर वस्ती करायचं ठरलं त्या सभेतही मी होते. तिथून गटाराला उतार मिळणार नाही हे मला दिसत होतं. गटारवालीला कोण विचारतं, म्हणून मी गप्प बसले होते.

रेघांच्या मागे मागे मी घाटावर गेले. शेवटच्या पायऱ्यांशी नदीत पाच खांब उभे असतात, पाण्याची उंची बघायला. सगळे झाऊचे. पाचवा खांब नवाकोरा होता.

त्याच्या शेजारी मेलूती बसली होती. पाणी चढलं की शंख फुंकून नगराला सांगायचं, हे तिचं काम. मी जुन्या खांबातून तासलेला तो लाकडाचा तुकडा तिच्यापुढे ठेवला.

तिने तो उलटून जुनी बाजू पाहिली. मग उठून खोपीत गेली आणि एक कापडी गुंडाळी घेऊन आली. आत मापपट्टी होती. दोन तुकड्यांत.

५

"मला परत ठेवायची होती, अक्का," ती म्हणाली. "दोन दिवसांसाठी नेली होती. मोजून झालं आणि त्या शेवाळलेल्या पायरीवर पाय सरकला."

"काय मोजायचं होतं?"

"माळ. आधी गल्ल्यांत रेघा ओढून ताडून पाहिलं, तिथे पुराचं पाणी कुठवर आलं ते ठाऊक होतं म्हणून." तिने घाटाच्या भिंतीतली एक खाच दाखवली. "त्या पुरात पाणी सगळ्यात वर आलं ती ही खूण. मीच कोरली. त्या सकाळी मी शंख फुंकत होते आणि तळवाडीत कुणी उठत नव्हतं. माझी बहीणसुद्धा." तिने खाचेतली माती नखाने काढली. "आता त्याच लोकांना माळावर बसवणार. मी सभेत सांगितलं की माळ या खुणेच्या खाली आहे. हाताने मोजून आले होते. तोळनअण्णा म्हणाले, 'बाई, तुझा हात केवढा आणि माझा केवढा? कुणाचा धरायचा?' सगळे हसले."

मला आठवलं. मीही हसले होते.

"म्हणून नगराचीच पट्टी हवी होती. तिच्यावर कुणी हसलं नसतं. बाबा देईनात. दुपारी बाबांचा डोळा लागला तेव्हा मडक्यातला जुना ठसा घेऊन गेले, त्यावरून शिक्का केला, चुलीत भाजला. मग दुसऱ्या एका दुपारी पट्टीच्या जागी खांबाचं लाकूड ठेवून तो शिक्का उठवला."

"आणि बाबा तिकडे बसलेत त्याचं काय?"

तिने मान खाली घातली. "तीनदा कोठाराच्या दारापर्यंत आले. पण कबूल केलं असतं तर माझं मोजमापही गेलं असतं. चोराचं मोजमाप कोण मानतं? माणसं माळावर गेली असती."

"आणि म्हातारा वेशीबाहेर."

"आज संध्याकाळी जाणार होते सांगायला. खरंच. विश्वास नको ठेवू हवं तर."

मी विश्वास ठेवला. का ते मला आजही सांगता येत नाही. बहुधा तिने पट्टी नदीत टाकली नव्हती म्हणून. टाकली असती तर कुणालाच काही कळलं नसतं.

"माळावर खूण केलीस?"

"एक खांब पुरलाय. गेरूची रेघ आहे."

"उद्या सकाळी तिथे ये," मी म्हणाले. "पट्टी घेऊन."

तिसऱ्या दिवशी मी पंचांना सभेत नाही, माळावर बोलावलं. ओरनबाबा आले, पट्टल आणि इशिल आले, तळवाडीचे लोक तर झाडून आले. मी झालेलं सगळं सांगितलं. मेलूतीने तुकडे बाबांच्या हातात दिले तेव्हा गर्दीतून एक आवाज उठला, काढा तिला वेशीबाहेर. तोळनने हात वर केला.

"थांबा. चेम्मी, चोर तू शोधलास. मग हा माळ कशाला दाखवतेस?"

"अण्णा, जरा या खांबाला टेकून उभे राहा."

"कशाला?"

"राहा तर."

तोळन अंगाने रुंद, पण उंचीने बेताचा. तो खांबाला टेकला. गेरूची रेघ बरोबर त्याच्या हनुवटीखाली आली.

"दोन वर्षांपूर्वीचं पाणी इथवर येतं," मी म्हणाले. "घाटावरच्या खुणेपासून इथवर मी काल स्वतः पाणसळ लावून आले. मेलूतीचं काम केसभर चुकलेलं नाही. आणि हे मलाही ठाऊक होतं. इथून गटाराला उतार नाही, पुरात पाणी उलटं घरात शिरेल. मी बोलले नाही. काढायचंच असेल तर दोघींना काढा."

तोळन जागचा हलला नाही. त्याने मान खाली वळवून रेघ पाहायचा प्रयत्न केला, पण ती हनुवटीखाली होती, दिसेना. तळवाडीतली एक बाई पुढे आली. तिच्या कडेवर झोपलेली पोर होती. तिने पोरीला तसंच खांबाजवळ धरलं. रेघ पोरीच्या डोक्याच्या वर गेली. मग ती बाई परत जाऊन उभी राहिली.

"आणि वर कुठे जागा आहे?" तोळनने विचारलं. त्याचा आवाज खाली आला होता.

"तटाच्या उत्तरेला," पट्टल म्हणाला. "खडकाळ आहे, पाया खोदताना कंबर मोडेल. पण माझी वीट तिथे लावीन. फुकट बडबड केली नव्हती मी."

"कशाने मोजणार?" पंचांपैकी एकजण म्हणाला. "पट्टी मोडली!"

यावर इशिल फिस्कन हसली. "अहो, पाचशे वर्षं त्या पट्टीने मोजून विटा पाडताय. कोठाराच्या पायातल्या शंभर विटा मोजा, एकाला एक लावून. शंभरांत चूक राहील का? मी दुसरी पट्टी कोरून देते. आणि कडा बोथट नसतील."

सगळ्यांच्या नजरा ओरनबाबांकडे गेल्या. ज्याच्यावर आळ आला, निवाडा त्याने द्यायचा, अशी आमची रीत. बाबा दोन्ही तुकडे हातात धरून उभे होते. त्यांनी तुटलेल्या कडा जुळवून पाहिल्या.

"पोरी, मी झोपलेलो असताना तू मला फसवलंस," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"म्हणजे मी झोपतो हे आता सगळ्या नगराला कळलं."

कुणीतरी हसलं. मग बरेचजण हसले. बाबा हसले नाहीत.

"तू मागायला आलीस तेव्हा मी विचारलं नाही की कशाला हवी. पट्टी मोजायला असते, मी ती नुसती जपत बसलो. ते माझं. तू मला तीन दिवस त्या खोलीत बसू दिलंस, ते तुझं. ते मी इतक्यात विसरणार नाही." त्यांनी श्वास घेतला. "नव्या वस्तीची पहिली दोरी तू धरायची. शेवटचं घर उभं राहीपर्यंत खडक फोडायला तू यायचं. आणि रोज दुपारचं जेवण मला कोठारात आणून द्यायचं. मासा काटे काढून."

तोळन खांबापासून बाजूला झाला. "दोरी कुठे आहे?" त्याने विचारलं. "उत्तरेला चला."

त्या वर्षी सिंधू नेहमीपेक्षा दहा दिवस आधी चढली. मेलूतीचा शंख ऐकू आला तेव्हा तळवाडीची माणसं उत्तरेच्या खडकावर होती. अर्ध्या घरांना छप्पर नव्हतं, काहींच्या भिंती कमरेएवढ्याच होत्या, पण जमीन कोरडी होती. माळावर पाणी पसरलं. माणसं तटावर उभी राहून बघत होती. खांब दिसेनासा झाला. तोळनही बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या घरचे चार बैल गाडीला जोडून विटा वाहायला पाठवून दिले.

थंडी पडली तेव्हा शेवटच्या घराला दार लागलं. मी तिकडे गेले नव्हते. माझ्या जुन्याच गल्ल्यांत मला फुरसत नव्हती. एका सकाळी दाराशी कुणीतरी जोरजोरात हाका मारायला लागलं. बाहेर आले तर पोरीला कडेवर घेतलेली ती तळवाडीची बाई. केस विस्कटलेले, डोळे रागाने लाल.

"चेम्मीअक्का, तूच ना गटारवाली? आमच्या गल्लीचं गटार तुंबलंय! शेजारीण राख टाकते त्यात, सांगून ऐकत नाही. तू येऊन बघणार आहेस की नाही?"

मी पन्हळ आणि फावडं उचललं.

"चल," म्हटलं. "दाखव कुठे ते."